खंडेनवमीची बंदूक

हिम्मतमामांनी आयुष्यात कावळासुद्धा मारला नाही, आणि वेड कसलं, तर जुन्या बंदुकांचं. वीज खात्यातला पगार लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावात घालायचा आणि वर मामीचं ऐकून घ्यायचं. पुढे एकोणीसशे नव्वद साल उलटलं, गुडघे गेले, परवान्यांचे हेलपाटे झेपेनात. मग बाकीच्या काढून टाकून एकच ठेवली, निजामाच्या फौजेतली ठासणीची बंदूक.

तेव्हा हैदराबादच्या दिलसुखनगरात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. त्यातलाच एक करून त्यांचा रितेश अमेरिकेला गेला. फोनवर म्हणाला, "बाबा, वो लोहा निकाल दो ना." आपल्यामागे ही भंगारात जाणार, या धास्तीने मामांची झोप उडाली. शेवटी एका संग्रहालयाच्या प्रतापरावांनी बंदूक पाहिली. गंजाचा ठिपका नाही, घोडा अजून हलतो, हे बघून दसऱ्यानंतर न्यायचं कबूल केलं. मामा लग्न ठरल्यासारखे पेढे वाटत फिरले.

खंडेनवमीला त्यांनी ती शेवटची म्हणून पाटावर मांडली. ओलं गंध, हळदकुंकू, झेंडू. दर वर्षी दसऱ्याला पूजा उठवून ते लगेच पुसून तेल लावत. या वर्षी नवमीच्याच संध्याकाळी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. कोठी भागातल्या दवाखान्यात नेलं.

मामी, म्हणजे सुशीलाबाई, हट्टाला पेटल्या. ज्याने मांडली त्यानेच पूजा उठवायची, ते येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मी पुसायला गेलो तर माझ्यावरच उखडल्या. रोज आंघोळ करून ओल्या हातांनी ताजं गंध लावायच्या, फुलं वाहायच्या, पाणी शिंपडायच्या. मामा घरी यावेत, याशिवाय देवापुढे दुसरं मागणंच नव्हतं त्यांचं.

दिवाळीच्या तोंडावर मामा घरी आले. आम्ही धरून त्यांना पाटाजवळ बसवलं. डाव्या हाताने त्यांनी फुलं बाजूला केली. खाली नळी तांबडी होऊन पोपडे सुटले होते. घोडा ओढून पाहिला, तो हलला नाही. मामींना तेव्हा कुठे उमगलं.

मामा बोबडं बोलले, "तुझ्या पूजेनं मी आलो की घरी. लोखंडाचं काय." मग भिंतीकडे तोंड करून रडले. मला दोघांचाही राग आला आणि दोघांची दयाही आली.

प्रतापराव येऊन चहा पिऊन गेले, बंदूक न घेता. संक्रांतीला मामा वारले.

परवाना त्यांच्या नावचा, त्यामुळे बंदूक पोलीस ठाण्यात जमा करणं आलं. मामींनी ती तेलाने पुसपुसून आपल्या नऊवारीत गुंडाळली आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसल्या. ठाण्यातल्या जमादाराने ती कोपऱ्यातल्या ढिगावर टाकली. मामी बाकावरून उठेचनात. मी दंडाला धरलं, तशा त्याला म्हणाल्या, "इसकू पानी नक्को लगने देव, बेटा."