दोन चापांची बंदूक

"थांबा की, रुसून राहिली ती," असं म्हणत तो नादुरुस्त बंदूक कानाशी धरायचा. माझं डोकंच फिरायचं. बंदूक काय बोलते? पण माझे वडील हातातलं काम टाकून त्याच्याकडे कौतुकानं बघत राहायचे.

लातुरात आमचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. मी मालकाचा मुलगा आणि तो किल्लारीकडच्या खेड्यातून आलेला कारागीर. जेवताना वडील त्याला शेजारी बसवायचे, मला समोर. ते कौतुकाचं बघणं एकदा तरी माझ्या वाट्याला यावं, एवढीच माझी धडपड होती. तुमच्याही घरात असा कुणी परका लाडका असेल, तर जास्त सांगायला नको.

एकदा चाकूरचे एक पाटील ठासणीची जुनी बंदूक घेऊन आले. नळी एक, चाप दोन. "दुसरा बार उडतच न्हाई हो," त्यांची तक्रार. दुनळी पाहिलेल्या माणसाला दोन चाप म्हणजे दोन बार वाटणारच. खरं तर मागचा चाप ओढला की 'टक्' व्हायला हवं. मग पुढच्याला नुसतं बोट लागलं तरी बार उडतो. इथं मागचा चाप धरतच नव्हता.

मी आतला खटका कानशीनं घासायला घेतला. त्यानं गज घालून नळी रिकामी आहे ना ते पाहिलं, मागचा चाप ओढला आणि कान लावला.

"कानस ठेवा छोटे मालक. हिला कुणीतरी लई आवळलंय."

दोन चापांच्या मधला बारीक स्क्रू त्यानं जरासा सैल केला. टक्! वडिलांनी त्याची पाठ थोपटली. मी कानस फडताळात आपटली.

भूकंप झाला तेव्हा तो गावी गेला होता. परत आलाच नाही. वडील दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. मीही रडलो. पण रडताना मनात येत होतं, माझ्यासाठी हे एवढे रडले असते का?

पुढं गल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या, होस्टेलं झाली, आमचं गिऱ्हाईक आटलं. वडील थकले, माणसं विसरू लागले. अशात बिलोलीहून दोन चापांची एक बंदूक आली. दुखणं तेच. मी ती दुरुस्त करून वडिलांच्या हातात दिली. त्यांनी मागचा चाप ओढला आणि त्यांचा चेहरा फुलला. माझ्याकडे कौतुकानं बघत त्यांनी हाक मारली, ती त्याच्या नावानं.

"जी मालक," मी म्हणालो.