लाकडावर आलेला आळ

आमच्या आप्पांची फूटपट्टी जगाच्या पट्टीपेक्षा थोडी मोठी होती. ओतलेलं लोखंड निवताना आक्रसतं, म्हणून त्याचा लाकडी नमुना मुळातच वाढीव मापाचा करावा लागतो. तो नमुना, आमच्याकडे म्हणतात तो पॅटर्न, वाळूत दाबायचा आणि उमटलेल्या पोकळीत रस ओतायचा. कडा गावाच्या रस्त्यावरच्या एका फौंड्रीत आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, उभी हयात हे पॅटर्न कोरले. सागवान दोन-दोन वर्षं सावलीत वाळल्याशिवाय ते त्याला पटाशी लावत नसत. त्या बाबतीत भलतेच कटकटे.

डिप्लोमा करून मीही तिथंच लागले आणि थ्रीडी प्रिंटर घ्यायला मालकांना मीच भरीस घातलं. पंपाच्या बॉडीची मोठी ऑर्डर आली होती. आप्पांचा पॅटर्न स्कॅन करायचा, त्याच्या सहा प्रती छापायच्या, एका प्लेटवर बसवून मोल्डिंग मशीनला जोडायच्या. एका ठोक्यात सहा नग. आप्पांना सहा पॅटर्न कोरायला महिने लागले असते, माझी छपाई आठवड्यात झाली. माझे पाय जमिनीवर नव्हते.

आप्पांनी एकदाच विचारलं होतं, आक्रसण्याचं माप कसं धरलंस. काँप्युटर धरतो, म्हटलं. त्यांनी विचारलं याचाच मला राग आला होता. ते माप त्यांच्या लाकडात आधीच होतं आणि मी ते पुन्हा वाढवलं, हे या दीडशहाणीच्या डोक्यात आलं नाही. पहिला नग मोजायचा शिरस्ता होता. मी तो नुसता डोळ्यांनी पाहिला.

तीन दिवस मशीन चाललं. हातकामात चुकलं तर एक नग जातो, इथं अख्खं अंगण भरलं. नगरला भोकं पाडायला पाठवलेला माल परत आला. बोल्टच्या जागाच सरकल्या होत्या.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. तोवर मी हिशेब लावून पाहिला होता, चूक कुणाची ते मला कळलं होतं. मी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "लाकूड फुगलं व्हतं, मालक. पावसाळ्यात ओल धरली आसंल. पोरीनं हाय तसं छापलं, तिची चूक न्हाई."

मालकांना ते लगेच पटलं. लाकडाचा भरवसा नाही, हे त्यांना कुणाकडून तरी ऐकायचंच होतं. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. नोकरी जाईल म्हणून भ्याले आणि खाली मान घालून उभी राहिले.

आप्पांना त्याच महिन्यात घरी बसवलं. फुगणारी लाकडं कशाला ठेवायची, म्हणून त्यांचे सगळे जुने पॅटर्न भट्टी पेटवायला काढले. त्यातला स्कॅन केलेला पॅटर्न जाळला जाण्याआधी मी गुपचूप मोजला. तो सुतभरही फुगला नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना आप्पा म्हणाले, "तू बोलली न्हाईस, ते लई बरं केलंस." ते हे मनापासून म्हणाले. मी अजून त्याच फौंड्रीत आहे, आता मोल्डिंगचं सगळं काम माझ्याकडं आहे. त्यांच्यासमोर ताटावर बसणं मात्र मला जमत नाही.