एकाच तांड्यावरच्या दोन सुमन

रक्ताची पिशवी वॉर्डात पाठवली आणि मी प्रार्थनेला डोळे मिटले. दुपारचा एक वाजला होता. हिंगोली जिल्ह्यातल्या एका छोट्या रुग्णालयात मी तेव्हा लॅब टेक्निशियन होते.

सकाळपासून ज्यांचं ज्यांचं रक्त तपासलं, त्या प्रत्येकाचं नाव देवासमोर घ्यायचं आणि मगच जेवायचं, असा माझा नेम. वडील चर्चमध्ये पाळक होते. 'सगळ्यांना बरं कर' असं घाऊक मागितलेलं त्यांना चालायचं नाही. स्टाफ म्हणायचा, साळवे बाईंची हजेरी सुरू झाली. म्हणू दे, मी काही नेम सोडला नाही.

"सुमन राठोड, बाळंतीण. प्रभू, तिचा रक्तस्राव थांबव." दोन नावं झाली आणि पुन्हा तोंडात आलं, सुमन राठोड, तापाची. दोघी कनेरगाव नाक्याकडच्या एकाच तांड्यावरच्या. माझे डोळे खाडकन उघडले.

पिशवीतलं रक्त रुग्णाला चालेल का, हे आधी दोन्हींचे थेंब एकत्र करून बघतात. गुठळ्या झाल्या तर चालत नाही. याला क्रॉसमॅच म्हणतात. तो मी केला होता आणि बरोबर आला होता. पण कोणत्या सुमनच्या रक्तावर? रॅकमध्ये जांभळ्या झाकणाच्या दोन ट्यूब होत्या, दोन्हींवर नुसतं नाव. केसपेपरचा नंबर लिहायचा नियम लॅबमध्ये मीच लावलेला. घाईत मोडला तोही मीच.

प्रार्थना अर्धी टाकून वॉर्डात पळाले. सिस्टर पिशवीला नळी जोडत होत्या, डॉक्टर शेजारीच उभे होते.

"सर, ती पिशवी लावू नका."

"काहून? तुम्हीच ओके दिलंय ना?"

"दुसऱ्याच बाईचं रक्त तपासलं असेल मी. नवं सॅम्पल द्या."

डॉक्टर वयानं माझ्या लेकाएवढे, पण डोक्यानं तापट. "पेशंट हातातून चालली, मॅडम."

"पंधरा मिनिटं द्या."

त्यांनी सिस्टरना सलाईन वाढवायला सांगितलं आणि स्वतः रक्त काढून ट्यूब माझ्या हातात दिली.

बाळंतिणीचा गट ओ निघाला. मी पाठवलेली पिशवी होती बी, तापाच्या सुमनच्या रक्ताशी जुळलेली. ती लागली असती तर बाई वाचणं कठीण होतं. ओची पिशवी काढली, क्रॉसमॅच केला, नंबर दोनदा वाचला आणि पिशवी स्वतः नेऊन दिली. संध्याकाळी सुमन लेकराला पाजत होती. मी लॅबचं दार लावून पोटभर रडून घेतलं.

"कुणाला कळलं न्हाई, मॅडम. सोडा आता," डॉक्टर म्हणाले. भले माणूस, मला वाचवायला बघत होते.

"मला कळलंय ना, सर," मी म्हटलं आणि झालं ते लिहून वरिष्ठांकडे दिलं.

बाळंतिणीचा नवरा परसराम बाहेर बाकावर बसला होता. त्यालाही सांगितलं, "भाऊ, तुमची बायको आज माझ्या चुकीनं जात होती."

तो बाकावरून उठला. मग म्हणाला, "राग येऊन राहिला, बाई. खोटं काहून बोलू? पण धावत आल्या बी तुमीच. आन् सांगितलं, ते बरं केलं."

आठ दिवसांनी मेमो आला, म्हणजे लेखी ताकीद. सगळ्या नोकरीत तेवढा एकच. त्या रविवारी उपासनेत पाळकांनी विचारलं, कुणाला देवाचे आभार मानायचेत का? मी उभी राहिले आणि मेमो मिळाला म्हणून आभार मानले. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

नव्या टेक्निशियनना मी एवढंच सांगते. आधी ट्यूबवर नंबर, मग प्रार्थना. माझा क्रम चुकला तो देवानं त्या दिवशी सांभाळून घेतला. रोज घेईल, असं गृहीत धरू नये.