नाव टाकलं की उभं राहतं

लहान मुलांच्या खेळाचा प्रोग्रॅम लिहीत होते. दादा, म्हणजे माझे वडील, गावाहून आलेले. खुर्ची ओढून शेजारी बसले. मी ‘मांजर’ असं नाव टाकलं आणि पडद्यावर मांजर उभं राहिलं. खाली ओळ आली, आवडतं: दूध.

“नुसत्या नावानं आलं?”

मी ऐटीत सांगितलं. घरातली पहिली पदवीधर, ऐट असणारच. त्या नावाचा क्लास, म्हणजे साचा, आधी लिहून ठेवला की पुढे नाव टाकायचं फक्त.

“मग दादा टाक की.”

टाकलं. लाल अक्षरं आली.

“काय म्हणतंय?”

“या नावाचा साचाच नाही म्हणतंय.”

“हमालाला कशाला ओळखतंय ते,” दादा हसले.

मी लगेच साचा लिहायला घेतला. काम: बाजार समितीत हमाली. हे मी कॉलेजातही ताठ मानेनं सांगायचे. पुढची ओळ, आवडतं. तिथे बोटं थांबली. मांजराचं, पोपटाचं, अगदी कासवाचंसुद्धा मी न अडता लिहिलं होतं. एका हाकेसरशी हातातलं टाकून जो माणूस जन्मभर येत राहिला, त्याला काय आवडतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि तो शेजारीच बसलेला. मान वर होईना.

“अडलीस का गं बाई?” दादा म्हणाले. “काहीही घाल. मला सगळं चालतं.”

जेवायला बसतानाही ते हेच म्हणतात. आणि आम्ही ते खरं मानत आलो.