नकाशेवाल्यांची बायको नकाशा मागते

स्टेशनासमोरच्या हॉटेलात एकोणीस वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘नकाशेवाले’ म्हणत. शहर बघायला आलेलं जोडपं दिसलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: लग्नाला किती वर्षं झाली, चालायची तयारी किती आणि वाटेत भांडण झालंय का? उत्तरं ऐकून ते पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढून देत. नवीन जोडपं असेल तर फुलबाजारातून बागेकडे. भांडलेलं असेल तर थेट होडीत, कारण होडीतून चाळीस मिनिटं कुणालाच उतरता येत नाही.

धक्क्याजवळच्या खानावळीतलं माशाचं सूप मात्र प्रत्येक नकाशात असायचं. ‘अगदी सौम्य, पोटाला हलकं,’ असं ते छातीठोकपणे सांगत. पाहुणे परतायचे ते डोळे पाणावलेले, नाक लाल. ‘बघा, कसे हळवे झालेत!’ असं ते सफाईवाल्या मावशींना कौतुकाने दाखवत.

गंमत म्हणजे या पठ्ठ्याने त्या खानावळीत स्वतः कधी पाऊल ठेवलं नव्हतं. सगळी माहिती ऐकीव. बायकोला ‘पुढच्या रविवारी नक्की’ म्हणत एकोणीस वर्षं काढली. कामाची सबब होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. परक्या जोडप्यांशी तासन्‌तास बोलणाऱ्या या माणसाला बायकोसमोर बसून काय बोलायचं याची धास्ती वाटायची. घरचं बोलणं म्हणजे नळ गळतोय आणि गॅस संपलाय. त्यापलीकडे काही उरलंच नसेल तर?

एका शनिवारी दुपारी त्यांची बायको ठेवणीतले कपडे घालून पाहुण्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली. शिवणकाम करणारी बाई, टाका घालायला घेतला की पुरा करूनच उठणारी.

“नकाशा हवाय,” ती म्हणाली.

मागे चार माणसं उभी. नकाशेवाल्यांनी पाठकोरा कागद पुढे ओढला. “लग्नाला किती वर्षं झाली?”

“एकवीस.”

“चालायची तयारी?”

“गुडघे चालू देतील तेवढी.”

“वाटेत... भांडण?”

“भांडायला दुसरं माणूस बरोबर लागतं ना!”

रांग हसली. नकाशेवाल्यांनी नकाशा काढून तिच्या हातात दिला. मॅनेजरबाईंनी नकाशेवाल्यांच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला. “निघा आता. काउंटर मी बघते.”

खानावळीत सूप आलं. पहिल्याच घोटाला नकाशेवाल्यांच्या कानांतून धूर निघायचा बाकी राहिला. मिरचीचा नुसता जाळ!

“हे सौम्य?” बायको डोळे पुसत म्हणाली.

“अगं, एकोणीस वर्षं मी लोकांना हेच पाजतोय!”

ती हसायला लागली ती थांबेचना. मग तेही हसले, ठसका लागला, पाणी सांडलं. एका जुन्या पाहुण्याने हातपंख्याने जिभेला वारा घातला होता तो किस्सा त्यांनी सांगितला. तिने कपडे शिवून घ्यायला आलेल्या एका नवरदेवाची गोष्ट सांगायला घेतली, मापं देताना पोट आत ओढणाऱ्याची. होडीत बसेपर्यंत गप्पा चालूच होत्या. नळाचा विषय निघालाच नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

होडी धक्क्याला लागली. बाकीचे सगळे उतरले. तिने नकाशा उलगडून पाहिला.

“पुढचं काही काढलेलंच नाही तुम्ही.”

“इथून पाहुणे हॉटेलवर परततात. पुढचं मला ठाऊक नाही.”

तिने नकाशाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि होडीवाल्याला म्हणाली, “दादा, अजून एक फेरी.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “त्या नवरदेवाची गोष्ट अर्धीच राहिलीय.”

नकाशेवाले सरकून तिच्या शेजारी बसले.