सई बोलते तेव्हा

मुलांच्या शाळेच्या गेटवर रोज उभं राहिलं की किस्से साठतातच. स्कूटीच्या डिकीत चॉकलेटचे कागद साठतात तसे. आपण टाकलेले नसतात, पण निघतात. कराडला आमच्या शाळेच्या गेटसमोर पालकांचा असा एक कट्टाच झालाय. शाळा सुटायच्या आधी सगळे हजर, आणि सुटल्यावरही कुणी हलत नाही. तिथल्या किस्स्यांत आमच्या सईचा वाटा मोठा.

सई माझी मुलगी, चौथीत आहे. बोलताना अडखळते. शब्द तिला ठाऊक असतो, फक्त ओठांशी येऊन थांबतो.

या शाळेच्या आधी ती एका इंटरनॅशनल शाळेत होती. शाळा उसाच्या फडाला लागून. इंटरनॅशनल म्हणजे कंपाउंडच्या भिंतीवर देशोदेशीचे झेंडे रंगवलेले. तिथं गॅदरिंगच्या नाटकात सईला झाडाचं काम दिलं. पुढच्या वर्षी परत झाड. तिसऱ्या वर्षीही झाडच म्हटल्यावर मी प्रिन्सिपल मॅडमना भेटायला गेले. त्यांनी मला समजावलं, "अहो, यंदा मेन झाड आहे ती."

सईचे पप्पा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, आता साखर कारखान्यावर सिक्युरिटीला आहेत. त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन दाखला काढला.

*

नवी शाळा साधी, मराठी माध्यमाची. सईच्या वर्गशिक्षिका कुंभार मॅडम. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना सईचा 'ह' अडकला. 'हजर' काही निघेना. मॅडम थांबल्या. सई रडवेली झाली, तरी त्या घाई न करता थांबल्या, आणि 'हजर' आल्यावरच पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं की 'हजर'च म्हणायला पाहिजे असं काही नाही, ज्याला जे सुचेल ते म्हणा. मग काय, एकजण 'जय हिंद' म्हणाला, एकजण 'आलोय', एकीनं मांजराचा आवाज काढला. सईनं 'ओ' दिली. एका दमात.

थोड्या वेळानं हेडसर वर्गाच्या दारात आले आणि मांजर कुणी आणलंय ते विचारायला लागले.

*

दिवाळीनंतर एकदा ओवीची आई मला गेटवर बाजूला घेऊन गेल्या. ओवी सईच्या शेजारी बसते. बाईंचा चेहरा असा, की मला वाटलं आता जागा बदलून मागणार. त्या म्हणाल्या, ओवी घरात अडखळत बोलायला लागलीय. आधी त्या घाबरल्या, डॉक्टरांकडं न्यायच्या बेतात होत्या. मग ओवीनंच सांगितलं.

"सई बोलते तेव्हा मधे कुणी बोलत नाही. मलापण तसं पाहिजे."

मी म्हटलं, मग तुम्ही काय केलं?

"काय करणार? सासूबाई, हे आणि मी, तिघं एकदम तिच्यावर ओरडलो."

*

माझ्या जाऊबाई सांगलीला असतात. त्यांच्या मुलाच्या शाळेत स्विमिंग पूल आहे, घोडे आहेत, बसला एसी आहे. हे आम्हाला दर भेटीत नव्यानं कळतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलो, तर भरल्या हॉलमध्ये त्यांनी सईला विचारलं, तुमच्या शाळेत काय काय आहे गं?

सईनं सुरुवात केली, "आमच्या शाळेत..." आणि पुढचा शब्द अडकला.

जाऊबाई लगेच मदतीला आल्या. ग्राउंड आहे का? लायब्ररी? कॉम्प्युटर लॅब? सई प्रत्येक वेळी मान हलवत होती, नाही. बायका माझ्याकडं कीव आल्यासारख्या बघत होत्या.

शेवटी सईनं वाक्य पुरं केलं.

"आमच्या शाळेत असं मधे बोलत नाहीत."

*

यंदाच्या गॅदरिंगला पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम सईकडं आलं. तिनं स्वतः मागून घेतलं होतं. पाहुणे म्हणजे एक पुढारी. दुपारची वेळ दिलेली, आले दिवेलागणीला. मुलांचा मेकअप तोवर ओघळून गेलेला.

सई माइकपुढं उभी राहिली. साहेबांच्या पहिल्याच पदवीला, 'सहकारमहर्षी'ला, ती अडकली. साहेबांच्या कार्यकर्त्यानं हेडसरांच्या कानाशी लागून सांगितलं, साहेबांना पुढं कोरेगावला जायचंय, दुसरी पोरगी उभी करा.

हेडसर मुळात मवाळ माणूस. पण ते आवाज न चढवता, पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले, "साहेबांसाठी आपण दुपारपासनं थांबलोय. तिच्यासाठी जरा थांबू."

सईनं सगळ्या पदव्या पुऱ्या केल्या. त्या बऱ्याच होत्या.

*

आणि परवाची पालकसभा. कुंभार मॅडम एकेका मुलाचं सांगत होत्या. सईचं नाव आल्यावर हे बसल्या जागीच परेडला उभं केल्यासारखे ताठ झाले.

मॅडम म्हणाल्या, अभ्यास चांगला आहे, पण एक तक्रार आहे. सई वर्गात फार बोलते. शिकवणं चालू असतं आणि मागं हिची बडबड. जागा बदलून बघितली, तर नव्या जागेवरही तेच. आता तुम्हीच तिला घरी समजावून सांगा.

सगळे पालक वळून आमच्याकडं बघायला लागले. हे उभे राहिले. शर्ट खाली ओढून नीट केला.

"मॅडम, ते परत एकदा सांगा. जरा मोठ्यानं. पोरीच्या आईला ऐकू आलं न्हाई."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते.