कसालच्या रस्त्यावरची लाल गाडी

बोटीवरची नोकरी सोडून मी मालवणला कायमचा परतलो, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा माणूस माडांना पाणी घालील, देवळाच्या बैठकांना जाईल आणि निवांत होईल. मी मडगावला गेलो आणि एक जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आलो. दोन दारं, दोन सीटा, कापडी टप, बसताना अंग मुडपावं लागेल इतकी बुटकी, आणि लाल.

ज्या वयस्कर गृहस्थांकडून ती घेतली, त्यांनी किल्ली हातात देताना सांगितलं, "हिका पळोवन लोकांक राग येता. कित्याक, देव जाणा."

गाडी बघून लोकांना राग येतो, हे मला म्हातारपणाचं बोलणं वाटलं. माझं अर्धं आयुष्य जहाजाच्या इंजिनापाशी गेलं होतं. त्या गाडीचं इंजिन सुरू झालं की पाठीच्या कण्यात जे थरथरायचं, ते मला ओळखीचं होतं. बायको मात्र पडवीत उभी राहून बराच वेळ गाडीकडे बघत राहिली.

"दोनच सीटी? मगे तिसऱ्याक खंय बसवतल्यात?"

"तिसरो कोण आसा आपल्याक?" मी म्हणालो. मुलगी पुण्याला शिकायला होती.

पहिल्याच महिन्यात बंदराजवळ कोणीतरी गाडीचा टप सुरीने फाडला. चोरायचं काही नव्हतं, चोरलंही काही नाही. नुसती उभी चीर दिली होती, मासा चिरावा तसा. मग दारावर खिळ्याने ओरखडे आले. एकदा घाटीवर मी एका जीपला मागे टाकलं, तर त्या माणसाने पाठलाग करून जीप आडवी घातली, उतरला आणि माझी कॉलर धरून मला खिडकीतूनच बाहेर ओढायला लागला. मी दार लाथेने उघडलं. ते त्याच्या गुडघ्यावर बसलं, तो खाली पडला, आणि मी त्याच्या छातीवर बसून त्याला दोन ठेवून दिल्या. माझ्या जन्मात मी कोणाला मारलं नव्हतं. हात दुखत होता तरी त्या संध्याकाळी मी जेवलो चांगला, हे बायकोच्या लक्षात आलं. "गाडी तुमका बिघडवता हा," ती म्हणाली.

तरी ती माझ्यासोबत बसायची. टप खाली घेतला की तिलाही वारा आवडायचा.

वैशाखातली दुपार होती. कसालला एका लग्नाला आम्ही निघालो होतो. तिने जांभळी रेशमी साडी नेसली होती, हातभर बांगड्या होत्या. अर्ध्या वाटेवर एका वळणावर रस्त्यावर धूळ अजून हवेत होती आणि पुढे लांब कुठल्यातरी जड गाडीचा आवाज विरत चालला होता. मोटरसायकल गटारात पडली होती. रस्त्याच्या मधोमध एक पोरगेला तरुण उताणा होता. डाव्या गुडघ्याखाली त्याचा पाय भलत्याच दिशेला वळला होता, हाड बाहेर आलं होतं, आणि रक्त असं उडत होतं की मला बघताक्षणी कळलं, याला वेळ नाही.

मी गाडी कडेला घेतली. बायकोने फोन काढला, पण तिथे रेंज नव्हती. बोटीवर आम्हाला असल्या जखमांचं शिकवलेलं असतं. मी कमरेचा पट्टा काढला, त्याच्या मांडीला आवळला आणि गुडघा टेकून खेचायला लागलो. तो किंचाळला. रक्त कमी झालं. माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

वरच्या मळ्यात पोरांची क्रिकेटची मॅच चालू होती. आदळल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. बांधावरून ते धावत उतरले तेव्हा त्यांना काय दिसलं, ते मी नंतर अनेकदा मनात बघितलं आहे: लाल गाडी, रस्त्यात पडलेला त्यांचा माणूस, आणि त्याच्यावर बसून हातातला पट्टा खेचणारा एक परका.

"ह्येनीच उडवल्यान!" कोणीतरी ओरडलं. "धरा रे तेका!"

पहिला स्टंप माझ्या मानेवर बसला. मी "मी न्हय, मी न्हय" म्हणत होतो, पण तोंडात रक्त आलं होतं. मला त्या तरुणावरून फरफटत बाजूला काढलं. किती जण होते ते मला सांगता येणार नाही, खाली पडलेल्या माणसाला फक्त पाय दिसतात. एक चप्पल माझ्या कानावर पुन्हा पुन्हा येत होती. मग काचा फुटायला लागल्या. ते गाडीवर गेले होते. बॅटीने दिवे फोडले, आरसे तोडले, बॉनेटवर उड्या मारल्या. त्यांच्यात एक उंच, दाढीवाला होता. तो गाडी मारता मारता रडत होता. तो त्या तरुणाचा थोरला भाऊ. पुढची काच जाळीसारखी झाली, तसा तो वळला आणि बॅट माझ्या बरगड्यांत घातली. आत काहीतरी मोडलं, ते मी ऐकलं.

बायको माझ्यावर आडवी पडली. तिच्या केसांना धरून कोणीतरी तिला मागे ओढत होतं आणि ती ओरडत होती, "अरे, तेचा रगात व्हावता हा रे! आदी तेका बघा! माका मगे मारा!"

त्या एका वाक्याने थोरला भाऊ थांबला. त्याने भावाकडे बघितलं. ओढाताणीत पट्टा सैल झाला होता आणि रक्त पुन्हा उडत होतं.

"पट्टो घट्ट कर," मी खालूनच म्हणालो. "नायतर भाव तुझो हंयच मरतलो."

त्याने बॅट टाकली आणि पट्टा खेचला. मळ्यात सगळ्यांच्या मोटरसायकली होत्या, चारचाकी एकही नव्हती. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. सगळ्यांनी त्या गाडीकडे बघितलं. दिवे फुटलेले, बॉनेट चेपलेलं, पण चाकं शाबूत होती. मी उठून गाडीत बसलो, किल्ली फिरवली, आणि ती सुरू झाली.

थोरला शेजारच्या सीटवर बसला, भावाला आडवं मांडीवर घेतलं. तुटलेला पाय दारावरून बाहेर राहत होता, तो त्याने हाताने धरला. मग सगळ्यांच्याच एकदम लक्षात आलं की बायकोला जागा नाही.

"बायलेक हंयच ठेव," जमावातला एक जण म्हणाला. "पळान गेलंस तर बघ."

मी गाडीतून उतरायला लागलो. तिने बाहेरून दार दाबून धरलं. तिच्या कपाळावरून रक्त येत होतं.

"जावा तुमी," ती म्हणाली. "माका काय व्हवचा नाय. जावा!"

मी गेलो. आरसे नव्हते, त्यामुळे मागे काय झालं ते मला दिसलंही नाही.

जाळी झालेल्या काचेतून रस्ता दिसत नव्हता. थोरल्याने मुठीने ठोसे मारून तिचा एक तुकडा पाडला, त्याचा हात फाटला. त्या भोकातून वारा आणि काचेचा चुरा तोंडावर येत होता. गाडी मुळात बुटकी, त्यात खाली काहीतरी लोंबत होतं. प्रत्येक गतिरोधकाला तिचं पोट घासायचं आणि तो तरुण किंचाळायचा. तो किंचाळला की थोरला माझ्या खांद्यावर गुद्दा मारायचा.

"सावकाश! मारतलंस तेका!"

"सावकाश गेलंय तर रगात जातला!"

"माझो भाव मेलो तर तुका सोडूचंय नाय. तुझ्या बायलेकय सोडूचंय नाय."

मी त्याला आईवरून शिवी दिली. त्याने मला दिली. असे आम्ही हायवेला लागलो, एकमेकांना शिव्या घालत. मधेच तो तरुण गप्प झाला. तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. "बोल रे, बोल," म्हणत थोरला त्याच्या गालावर चापट्या मारायला लागला. ओरोसच्या सरकारी दवाखान्याच्या दारात गाडी बंद पडली आणि तिच्या खालून तेल वाहायला लागलं.

त्याला आत नेलं. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. "पट्टा कोणी बांधला?" मी हात वर केला. ती माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तो नसता तर पेशंट इथे पोचला नसता." ती आत गेली. थोरला भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला आणि आपल्या फाटलेल्या हाताकडे बघत राहिला. मी दाराकडे बघत होतो.

बायको एका रिक्षातून आली. जवळच्या घरातली एक म्हातारी सोबत होती, तिनेच हिला गर्दीतून आपल्या घरात ओढून नेऊन कडी लावली होती. साडी खांद्यापासून फाटली होती. दोन्ही मनगटांत फुटलेल्या बांगड्या रुतल्या होत्या, आणि दंडावर कोणाच्या तरी बोटांचे पाचही वळ उठले होते.

मी तिला काही विचारलं नाही. वळलो, आणि जमिनीवर बसलेल्या त्या माणसाच्या तोंडावर बुटासकट लाथ मारली. तो उठलाही नाही. मी पुन्हा मारली. त्याने हात वर केले नाहीत, म्हणून मला आणखी चेव आला. बरगडी मोडलेली असताना माणसाला इतकं मारता येतं, हे मला माहीत नव्हतं. दोन वॉर्डबॉयनी मला उचलून बाजूला नेलं. बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती.

तरुण जगला. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितलं की पांढऱ्या टेम्पोने मागून उडवलं. तो टेम्पो आजवर सापडलेला नाही.

बायकोने पोलिसांत तक्रार दिली. गावातली वडीलधारी माणसं मिटवायला आली, हातापाया पडली. ती एवढंच म्हणाली, "ज्यांनी माका धरल्यानी, तेंका येवंदेत." ते कोणी आले नाहीत. केस अजून चालू आहे.

थोरला मात्र आला. आमच्या घरापुढच्या खळ्यात तो उन्हात उभा राहिला, वरचे दोन दात नव्हते. बायकोने त्याला तांब्याभर पाणी दिलं, बसायला सांगितलं नाही.

"मी गाडी करून देतंय," तो म्हणाला.

"गाडयेचा सोड," ती म्हणाली. "माझ्या हाताक कोणी धरल्यान, ता तुका म्हायत आसा. पोलिसांका नाव सांग."

त्याने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "तो माझो मावसभाव."

"मगे जा."

तो गेला. पण पुढच्या आठवड्यात त्याने पोलिसांना नाव सांगितलं, आणि त्याच्या घरात त्यावरून जी मारामारी झाली ती आमच्यापर्यंत ऐकू आली.

गाडी मी पावसाळाभर झाकून ठेवली. एकदा पेटवून द्यावी असंही मनात आलं, पेट्रोलचा कॅन हातात घेऊन मी तिच्यापाशी उभाही राहिलो. बायकोने कॅन काढून घेतला. "तिणां काय केल्यान?" एवढंच म्हणाली. दसऱ्यानंतर मी ती दुरुस्त करून घेतली. रंग नवा दिला, लालच.

मग एक दिवस तो तरुण स्वतः रिक्षाने आला, कुबडीवर. टेम्पोने उडवल्यापासून दवाखान्यापर्यंतचं त्याला काहीच आठवत नव्हतं, फक्त तोंडावर येणारा वारा आठवत होता. "माका एकदा बसव," तो म्हणाला. बायकोने होकारार्थी मान हलवली, तसं मी त्याला गाडीत घेतलं. त्याला ती जागा बघायची होती.

वळणावर मी थांबलो. तो उतरला आणि कुबडीवर भार देऊन डांबराकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात समोरून एक पांढरा टेम्पो आला. मला काही कळायच्या आत त्याने कुबडी उचलून टेम्पोच्या काचेवर भिरकावली आणि तोल जाऊन रस्त्यावर पडला. काच तडकली. टेम्पो करकचून थांबला. चालक हातात पान्हा घेऊन उतरला, तोंडात शिव्या, आणि पडलेल्या तरुणाकडे धावला.

मी मधे गेलो. पान्हा माझ्या खांद्याला लागला. मी त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

"ह्यो न्हय!" मी मागे वळून त्या तरुणाला ओरडलो. "ऐकलंस मा? ह्यो न्हय तो!"

तो डांबरावर मुठी आपटत होता. "सगळे तेच! सगळे तेच!"

चालकाने त्याची दुमडलेली रिकामी पँट बघितली. त्याच्या हातातला जोर ओसरला. मी मनगट सोडलं. तो काही वेळ धापा टाकत उभा राहिला, मग गटाराच्या कडेची कुबडी उचलून आणून माझ्या हातात दिली, आम्हा दोघांनाही एक शिवी दिली आणि टेम्पो घेऊन निघून गेला.

मी त्या तरुणाला काखेत हात घालून उठवलं. त्याच्या मुठी सोलवटल्या होत्या. सीटवर बसवून कुबडी त्याच्या बाजूला ठेवली. मी त्याला त्याच्या घरी नेऊन सोडलं. त्याच्या आईने अंगणातून विचारलं, "पडलंस काय रे?" तेव्हा तो म्हणाला, "व्हय," आणि आत गेला.